चाकाखालचं लिंबू

विशाखानं बॉनेट उचललं आणि आतून चिमणी भुर्रकन उडाली. इंजिनावर काडीकाडीचं घरटं. दुसरं कुणी असतं तर हात जोडून गंगापूरहून परतीची जीप धरली असती. विशाखा मात्र हसली. चितेगावच्या कारखान्यात आठ वर्षं तिनं दुसऱ्यांच्या गाड्यांचे सुटे भाग तासले होते. एक आख्खी गाडी स्वतःच्या हातानं खोलायची आणि पुन्हा उभी करायची, एवढंच वेड डोक्यात होतं. आणि ही तर स्पोर्ट्स कार! बुटकी, दोन दारांची, लाल रंग विटून विटकरी झालेला. तिचा जीवच जडला.

गाडीचे मालक आप्पासाहेब यांच्याशी सौदा सकाळीच, तिथल्या तिथं झाला. चाकांत हवा भरून झाली, जाम झालेले ब्रेकही तिनं सोडवले. सहाला संभाजीनगरहून टेम्पो येणार होता.

तेवढ्यात मालकांची बायको, साळूबाई, शेडमध्ये आल्या. ठेवणीतली इरकल नेसलेल्या, हातात पर्स. सरळ डावीकडच्या सीटवर बसल्या.

"चला, पाच वाजले."

आप्पासाहेब ओशाळले. विशाखाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हिला विसर पडतो, पोरी. गाडी बंद पडून बारा वर्सं झाली. हिला वाटतं, चालूच हाय. रोज बसल्या जागीच फिरवून आणतो. उद्या सांगीन, गॅरेजला गेली. तू बस मागं, शेवटची फेरी हाय."

नवी गाडी काढताना ठेवतात तसं त्यांनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मागं सीट आपली नावापुरती. विशाखा अंग चोरून बसली. आप्पासाहेबांनी गिअर टाकला.

"गोदावरीचा पूल आला बघ."

"मग काच खाली घ्या की!"

काच खाली आली. शेडचे पत्रे, समोरचा ऊस, सगळं हळूहळू मागं सरकायला लागलं. खोटं कशाला सांगा, विशाखाच्या तोंडावर नदीचा गार वारा आला. पुलाखाली कुणी लुगडं वाळत घातलेलं तिला दिसलं, हिरवं. साळूबाई गालातल्या गालात हसत होत्या. तिघं लई लांब गेले.

"टपरीवरचा चहा आणतो," म्हणत आप्पासाहेब उतरले आणि घरात गेले.

साळूबाई चटकन खाली उतरल्या. चाकाखालचं लिंबू काढून त्यांनी कोपऱ्यातला दगड उचलला.

"आजी, काय करताय?"

"ठेचते. आल्यावर ते चिरडलेलं लिंबू बघतात, मग त्यांना पटतं, फिरून आलो. विसर मला नाय पडत, त्यांना पडतो. उद्या पाचाला येतील आन् शेड रिकामी…" त्यांनी पदर तोंडाला लावला.

आठ वर्षांचं वेड, आणि आता कुठं हाताशी आलेलं. तिनं गाडीकडं एकदा डोळे भरून बघितलं. मग मोबाइल काढला आणि टेम्पोवाल्याला सांगितलं, येऊ नका.

"गाडी इथंच राहू द्या, आजी. दर रविवारी येऊन इथंच खोलते. पाचच्या आत सगळं झाकून देत जाईन."

तिनं साळूबाईंच्या हातातलं लिंबू घेतलं आणि पुन्हा चाकापुढं ठेवलं. गिअर न्यूट्रलला घेतला, मागं जाऊन खांदा लावला. गाडी कण्हली, कुरकुरली, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा वीतभर पुढं सरकली. फच्!

आप्पासाहेब तीन कप चहा घेऊन आले. सवयीनं वाकले, चाकाखाली बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग हातातले कप बॉनेटवर ठेवले.

"साळू, आज दगड वाजला नाय गं. खरंच फिरून आलो व्हय आपण?"