ढब्बूची हाक

“वैजयंता, तुझा ढब्बू दुपारभर भुंकतो. डोळ्याला डोळा लागत नाही माझा,” शेजारचे देवस्थळीकाका दारातच म्हणाले.

“काका, मी ऑफिसला गेले की माझ्यासाठी रडतो हो तो. ऐकाच तुम्ही!” वैजयंताने मोठ्या अभिमानाने ढब्बूच्या गळ्यातल्या पट्ट्याचं बटण दाबलं. पट्ट्याने दिवसभराचं भुंकणं माणसाच्या बोलीत ऐकवलं.

“काका, या ना! काका, भाकरी द्या ना!”

सगळी दुपार तेवढंच. तिचं नाव एकदाही नाही.

काका ओशाळले. “अगं, गप्प बसावा म्हणून खिडकीतून तुकडा टाकतो मी.”

“म्हणजे भुंकलं की भाकरी मिळते, हे तुम्हीच शिकवलंत त्याला!” ती फणकारली. पण झोंबलं होतं ते वेगळंच. पिल्लू असल्यापासून त्याला भरवलं होतं तिने.

दुसऱ्या दिवशी तिने रजा काढली आणि भर दुपारी तूप लावलेली गरम भाकरी ढब्बूपुढे धरली. त्याने ती हुंगली, शेपटी हलवली आणि तो खिडकीकडे धावत जाऊन जोरजोरात भुंकायला लागला.

“काका, लवकर या!” पट्टा म्हणाला. “आज हिच्याकडे तूपसुद्धा आहे!”