भिरभिरं

"एका जागी बसेल तर शपथ!" शिपाई वैतागून म्हणाला. "इथे सगळे त्याला भिरभिरं म्हणतात. तुरुंगात यायची पाचवी खेप आहे. दर वेळी मारामारी."

डॉक्टरांनी समोर पाहिलं. बत्तीस वर्षांचा तो कैदी खुर्चीच्या कडेवर बसून गुडघा हलवत होता. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर, उत्तर पुरं व्हायच्या आत नजर खिडकीबाहेर.

हा माज नव्हे, जन्मापासूनची अतिचंचलता असावी, असं डॉक्टरांना वाटलं. पण औषध देण्याआधी लहानपणची माहिती हवी होती. त्यांनी घरच्या पत्त्यावर आणि जुन्या शाळेला पत्रं धाडली.

पुढच्याच आठवड्यात एक म्हातारी दोन बस बदलून आली.

"पायाला भिंगरी होती त्याच्या," ती सांगू लागली. "डबा विसरायचा, दप्तर विसरायचा. दुसऱ्याला काही विचारलं की उत्तर हाच ओरडायचा. पण वाईट नव्हता हो. एकदा पंख मोडलेलं पाखरू ओंजळीत धरून दिवसभर गप्प बसला होता."

"आईला सगळं आठवतं," डॉक्टर हसले.

ती चष्मा पुसू लागली. "आठ वर्षांचा होता. वैतागून मीच त्याला हाताला धरून बाहेर काढलं. परत घेतलंच नाही."

"मावशी, हे असं असतं हे तेव्हा कुणाला माहीत होतं?"

"विचारायचं तरी होतं."

"भेटता त्याला?"

"नको. मी आले होते हे सांगूही नका."

उपचार सुरू झाले. रोज सकाळी गोळी. आठवड्यातून दोनदा डॉक्टरांसमोर सराव: राग आला की आधी थांबायचं, मोठं काम असेल तर तुकडे पाडायचे. म्हातारी दर महिन्याला यायची, उभ्या उभ्या चौकशी करून जायची.

चौथ्या महिन्यात त्याने सुतारशाळेत एक अख्खं स्टूल पुरं केलं.

"भिरभिरं जमिनीवर उतरलं, डॉक्टर!" शिपाई ओरडतच आला.

त्या दिवशी डॉक्टरांनी म्हातारीला जाऊ दिलं नाही. कैद्याला बोलावणं धाडलं.

"ओळखायचा नाही तो मला," ती म्हणाली.

तो तरातरा आला आणि उंबऱ्याशी स्वतःहून थांबला. तिच्या पांढऱ्या केसांकडे, चष्म्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग सदरा नीट केला, ताठ उभा राहिला आणि हळूच विचारलं,

"बाई, वर्गात येऊ?"