पांढऱ्यावर पांढरं

बाळाला झोपवणारं ॲप तपासायला घारीला चार मिनिटं लागली. अंगाई सुरू होते, बंद होते, चित्रातला ससा जांभई देतो. तिने ‘मंजूर’वर बोट ठेवलं. चार वाजता ते दुकानात लागणार होतं. म्हणजे फोनमधल्या त्या दुकानात, जिथून सगळे ॲप उतरवून घेतात.

तिचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे; सगळे तिला घारच म्हणत. अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलेली बाई. तिच्या नजरेतून एकही लबाड ॲप सुटलं नव्हतं, आणि हे ती स्वतःच अधूनमधून सांगायची.

शेजारच्या टेबलावर तीन महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी बसायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. न दिसणाऱ्यांना ॲप वापरता येतं का, एवढंच तिने कळवायचं. मंजुरीत तिला कुणी विचारत नसे.

“अंगाई गोड आहे हो मॅडम,” ती म्हणाली. “पण दर आठवड्याला पैसे कापणार, हे जरा अतीच नाही का?”

“कुठे लिहिलंय?”

“सशाच्या खाली. आणि नको असेल तर बंद करायचं बटण वर कोपऱ्यात.”

घारीने पाहिलं. सशाखाली नुसता पांढरा पडदा. कोपऱ्यातही तेच. “काही नाहीये तिथे.”

“आहे ना. माझं बोट त्याच्यावरच आहे.”

घार उठून तिच्यापाशी गेली. मुलीच्या फोनचा पडदा काळाकुट्ट होता.

“अगं, फोन बंद आहे तुझा!”

“चालू आहे. मला उजेड कशाला? उगाच बॅटरी खातो. बोटाखाली येईल ते फोन मला वाचून दाखवतो.” तिने एक इअरफोन घारीच्या हातात दिला.

आत कुणीतरी लाह्या फुटाव्यात तसं बोलत होतं. घारीला एकही शब्द कळेना. मुलीने वेग कमी केला, मग आणखी कमी केला. काळ्या पडद्यावर बोट सरकलं आणि आवाज म्हणाला, ‘तीन दिवसांनंतर दर आठवड्याला पैसे कापले जातील.’ बोट कोपऱ्यात गेलं. ‘बंद करा. बटण.’

घारीने आपला फोन खिडकीपाशी नेला, उजेड वाढवला, तिरका धरला. तेव्हा कुठे सशाच्या पायांखाली पुसट अक्षरं दिसली. रडतं मूल खांद्यावर घेतलेली आई हे काय वाचणार होती, कपाळ! पण घारीला रागाआधी नवलच वाटलं. ज्या काचेकडे ती अकरा वर्षं टक लावून बसली होती, तिच्यामागे अख्खं घर होतं, आणि ही पोर त्यात दिवा न लावता फिरत होती.

चारला दहा मिनिटं होती. मंजुरी मागे घ्यायची तर लेखी कबूल करावं लागे: चूक माझी. घारीने लिहिलं. मंजुरी मागे घेतली.

“पांढऱ्यावर पांढरं लिहिलंय मेल्यांनी,” ती म्हणाली. “कुणाला दिसूच नये म्हणून.”

मुलगी थबकली. “म्हणजे तुम्हाला दिसत नव्हतं?”

“नाही गं.”

“मला वाटायचं, तुम्हा सगळ्यांना दिसतं, आणि तरी तुम्ही मंजूर करता.”

घार खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. “अशी आणखी किती ऐकलीस?”

“पहिल्या दिवसापासून सांगू?” मुलीने करंगळीपासून मोजायला सुरुवात केली. एकेका ॲपचं नाव घेता घेता दोन्ही हातांची बोटं संपली. मग तिने पुन्हा करंगळी धरली.