प्लास्टरचा डॅशबोर्ड

जिते गावापर्यंत जाऊन परत येईपर्यंत फियाटचा डॅशबोर्ड पुन्हा तडकला. पुंडलिकने गाडी अंगणात लावली, चार स्क्रू काढले, डॅशबोर्डची वरची गादी उचलून पडवीत आणली आणि दोन पाटांवर आडवी ठेवली. कालच चिकटवलेलं काळं रेक्झिन मधोमध फाटलं होतं. फटीतून पांढरा भुगा सांडत होता.

"भरलंत तरी काय यात?" त्याच्या बायकोने, शांतीने विचारलं.

"प्लास्टर."

"गणपतीचं?"

"मग काय शेण भरू?"

पेणच्या माणसाला तडा दिसला की त्याचा हात प्लास्टरच्या पोत्याकडेच जातो. पुंडलिकने तर चाळीस वर्षं मूर्तींचे तडे बुजवले होते. भरायचं, पॉलिश पेपर मारायचा, बोट फिरवून बघायचं. डॅशबोर्डही त्याने तसाच गुळगुळीत केला होता, बाप्पाच्या पोटासारखा. खड्ड्यांनी त्याचं काय केलं ते समोर दिसत होतं.

"सव्वा महिन्यावर गणपती आले," शांतीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "परवा पहिला टेम्पो भरायचा हाय. कारखान्यात एकशेदहा मूर्ती डोळ्यांवाचून बसल्यात, नि तुम्हाला या भंगाराचा पुळका!"

तिचं चुकत नव्हतं. रंग झाला होता, दागिने झाले होते. राहिली होती ती फक्त डोळ्यांची आखणी, आणि ती या घरात मालकच करायचा. आधी बापाने केली, मग पुंडलिकने. दुसऱ्या कुणाचा ब्रश बाप्पाच्या डोळ्याला लागत नसे. मुलगा जितेश नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जायचा, त्याला या कामाची गोडीच नव्हती. सून मनाली पॉलिश पेपर मारायची, फार तर पितांबर रंगवायची.

पुंडलिकला गाडीचा पुळका वगैरे काही नव्हता. त्याचा उजवा हात थरथरत होता. चैत्रात चहाची बशी पहिल्यांदा वाजली, तेव्हा त्याने वयावर ढकललं. आषाढात पहिल्या मूर्तीला ब्रश लावला आणि डावा डोळा गालावर घसरला. त्याने तो पुसला, मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि हल्लीच्या ब्रशांना शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याचं त्यालाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने डॅशबोर्ड सोडवला. आखणी टाळायला निमित्त झालं, आणि हाताची परीक्षाही. रेक्झिन सरळ कापता आलं तर डोळेही आखता येतील, असं त्याने मनाशी धरलं होतं. गेल्याच वर्षी दादरचं गिऱ्हाईक म्हणालं होतं, "शेठ, इतके जिवंत डोळे तुमच्या हातून कधी उतरले नव्हते." एका वर्षात हात असा कसा जाईल? आणि गेलाच, तर आपलं म्हणून काय उरेल?

मनाली कारखान्यातून हात पुसत आली. ती मूळची रोह्याची, तिचे वडील गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचे. तिने भुगा चिमटीत घेतला.

"बाबा, मूर्ती एका जागी बसते. गाडी हलते. तिला कडक भरलं तर फुटणारच. मऊ भरायला लागतं."

तिने सगळं प्लास्टर खरवडून काढलं. तड्यात सोल्युशन लावून फोमचे तुकडे दाबले, वरून पातळ फोम चिकटवला. नवं रेक्झिन केस वाळवायच्या मशीनने गरम केलं आणि मधून कडांकडे ताणत नेलं. पुंडलिक कडा धरून बसला. नुसतं धरायला थरथरता हातही चालतो. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

शेवटी काचेकडच्या हवेच्या दोन फटी कापायच्या राहिल्या. पातं जरा घसरलं की सगळं रेक्झिन वाया.

"दे इकडं, ते माझं काम," पुंडलिक म्हणाला. त्याने पातं टेकवलं. ते रेक्झिनवर टकटक वाजू लागलं. त्याने ते खाली ठेवलं.

"चष्मा कुठं गेला माझा?"

चष्मा नाकावरच होता. शांतीने तोंड फिरवलं. मनालीने पातं उचललं.

तिने करंगळी टेकवली, मनगट जरा बाहेर वळवलं, श्वास पूर्ण सोडला आणि मगच पातं ओढलं. फट एका रेघेत उघडली. दुसरीही तशीच.

पुंडलिक तिच्या हाताकडे बघत राहिला. सीट शिवणारे असं करत नाहीत. श्वास सोडून रेघ ओढायची ही त्याच्या बापाची रीत, आणि ती त्याने कुणालाच शिकवली नव्हती.

"हे कुठं शिकलीस?"

"तुमचंच बघून, बाबा."

"नुसतं बघून नाय येत. हात चालवायला लागतो. कशावर चालवलास?"

मनालीने सासूकडे पाहिलं.

"सांग गो आता," शांती म्हणाली. "कोंबडं झाकून ठेवायचं तरी किती दिवस?"

"तुमची रेघ हलायची, तुम्हाला दिसायची नाय," मनाली खालमानेने म्हणाली. "तुम्ही दुपारी आडवे झालात की मी ओल्या कापसाने डोळे पुसायची नि पुन्हा आखायची."

"गेल्या वर्षी?"

"त्याच्या आधीच्या वर्षी पण."

पुंडलिकने उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला.

"किती मूर्तींचे?"

"सगळ्यांचे, बाबा."