गोठ्यातला सिनेमा

भूमच्या बाजारात ज्ञानोबांनी एकट्यानं बसून भजी खाल्ली, ही बातमी ईट गावात त्यांच्या आधी पोचली आणि कमलबाईंनी नवऱ्याशी अबोला धरला. आठवडा होत आला तरी दोघांतलं कुणी हटायला तयार नव्हतं. मधल्या मधे सून निकिता पार कंटाळून गेली.

शेवटी तिनं युक्ती काढली. तिच्या आवडीचा एक जुना युरोपियन सिनेमा होता, कृष्णधवल, खेड्यातला. त्यातले म्हातारा-म्हातारी एकमेकांवर रुसतात आणि एकमेकांना जे सांगायचं ते गाढवाला सांगतात. संध्याकाळी धारा झाल्यावर तिनं गोठ्यातच पेंडीच्या पोत्यावर मोबाईल उभा केला, सासू-सासऱ्यांना समोर बसवलं आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेली.

दोघंही हसून हसून बेजार झाली. म्हातारी गाढवाच्या कानात नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायला लागली, तेव्हा ज्ञानोबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कमलबाईंना ठसका लागला. आता आपलं काम झालं, असं निकिताला वाटलं.

सिनेमा संपला. पदरानं डोळे पुसत कमलबाई म्हशीकडं वळल्या.

"चंद्रे, ईचार की तुझ्या मालकाला, अशी यडी माणसं असत्यात व्हय कुठं?"



ज्ञानोबांनी म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवला. "न्हाय म्हणावं, चंद्रे. आन् येत्या बाजारी भजी बांधून आणतो, तेबी सांग तिला."