धावड्याचा पाला

रानाच्या कडेला शेळीनं धावड्याच्या पाल्याला तोंड लावलं आणि लगेच फिरवलं. सासूबाईंनी एक पान तोडून नाकाला लावलं.

"कोणीतरी औषीद मारलंय यावर. आपल्याच शेळ्यांवर डोळा हाय."

"कोणी न्हाई मारलं, आत्याबाई. पानांना भोकं बघा, अळ्या खाऊन राहिल्यात. अळीनं कुरतडलं की झाडच आपली पानं कडवट करतं. पुन्हा कोणी खाऊ नये म्हणून. रेडिओत ऐकलं मी."

"झाड सोताच करतं?"

"व्हय."

त्यांनी पान चघळलं, थुंकलं, आणि माझ्याकडं बघतच राहिल्या. माझ्या मांडीवर दोन वर्षांचा आयुष रडून रडून झोपला होता.

"काल यानं बी असंच तोंड फिरवलं तुझ्यापासून. तिथं काहून कडू झालं?"

मी पदर घट्ट ओढला. छातीला लावलेला कडुलिंबाचा वाटलेला पाला चोळीतून हिरवा उतरला होता.

"दूध तोडून राहिलीस. कोणाला न सांगता. कुठं जायचं ठरवलंस?"

"नांदेडला. नर्सिंगला नंबर लागलाय माझा. होस्टेलात लेकरू ठेवू देत न्हाईत."

आयुषला माझ्या मांडीवरून उचलून त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं. तो झोपेतच हुंदका देऊन त्यांच्या मानेला बिलगला.

"लिंबानं भागत न्हाई, पोरी," चालता चालता त्या म्हणाल्या. "कोरफड लाव. अन् आजपासून हा माझ्यापाशी झोपंल."