झाकणाचा लिटर बॉक्स

“पुन्हा गादी ओली झाली, तर राई रविवारी मावशीच्या मळ्यावर जाईल,” आईने बजावलं. भोपळा नावाच्या नव्या बोक्यासाठी झाकणाचा, एकाच दाराचा मोठा लिटर बॉक्स, म्हणजे मांजरांच्या शी-शूची वाळूची पेटी, आणल्यापासून थोरली मांजर राई त्यात जायचं टाळत होती.

प्राणिशास्त्र शिकलेल्या ऋजुताने तोवर एका वेळी एकच बदल करून पाहिला होता. आधी वाळू बदलली, मग खाणं, मग बॉक्सची जागा. सगळं वहीत टिपलं. राई मात्र गादीच गाठायची.

बाबा तीस वर्षं सिटी बसवर कंडक्टर होते. त्या दिवशी ते सकाळभर चहा पीत बॉक्ससमोर बसले.

“अगं, तुझ्या वहीत भोपळा कुठाय? राई आत गेली की हा गुंड दारात आडवा पडतो. तिने उतरायचं कुठून?”

त्यांनी करवत घेतली आणि बॉक्सच्या मागच्या बाजूला दुसरं दार कापलं.

दुपारी राई आत शिरली. भोपळा लगेच पुढच्या दाराशी दबा धरून बसला. राईने वाळू उकरली, सावकाश सारखी केली आणि मागच्या दाराने निघून खिडकीत अंग चाटत बसली. भोपळा अजून पुढेच टक लावून होता.

“राहू दे बाई तिला इथेच,” आई हसत म्हणाली.

ऋजुता बाबांकडे बघतच राहिली. “हे मला कसं सुचलं नाही?”

“दारात उभ्या राहणाऱ्यांना तीस वर्षं ‘पुढे सरका’ म्हणून ओरडलो, बाळा. एक सरकला असेल तर शपथ!”